पोपचा शब्द आपल्या घरात कुठवर पोहोचतो?

गेल्या महिन्यात एक मुलगी आईला घेऊन छापखान्यात आली. पत्रिकेचा मजकूर वहीच्या पानावर नीट अक्षरात लिहून आणलेला. वराचं नाव, वधूचं नाव, आईवडील, तारीख, वेळ, जेवणाचा हॉल, सगळं होतं. 'विवाहस्थळ' या शब्दापुढं मात्र नुसती रेघ. मी पेन पुढं केलं तशी आई म्हणाली, "ते अजून ठरलं नाही. बाकीचं कंपोज करून ठेवा."

मुलगी बेळगावातली, मेथडिस्ट मंडळीतली, म्हणजे पोपला न मानणाऱ्या एका प्रोटेस्टंट पंथातली. मुलगा खानापूर तालुक्यातला, रोमन कॅथलिक. दोघंही ख्रिस्ती, दोन्ही घरांत मराठी, मग अडलं कुठं असं बाहेरच्या माणसाला वाटेल. अडलं होतं पोपपाशी. मुलाकडचे म्हणत होते, लग्न आमच्या चर्चमध्ये होईल, आणि मुलीनं आधी कॅथलिक झालेलं बरं. मुलीचे वडील म्हणत होते, रोमच्या माणसाच्या हुकमाखाली मी पोरगी देणार नाही. आई बाहेर चपला घालत असताना मुलीनं मला हळूच विचारलं, "काका, तुमचं पण असंच होतं ना? पोपचा आमच्या घरात किती अधिकार चालणार, सरळ सांगा की."

होय, माझं असंच होतं. मी जन्मानं मेथडिस्ट, बायको कॅथलिक, लग्नाला एकतीस वर्षं झाली. तिनं मंडळी बदलली नाही, मीही नाही. त्या दिवशी उभ्याउभ्या जे सांगितलं ते अर्धवट राहिलं. अशी जोडपी आमच्याकडं दरवर्षी एखाद-दुसरं तरी येतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पत्रिका छापणाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते. कुठल्या घरात कुणाला मान आहे, ते वरच्या दोन ओळींतच कळतं. मराठ्यांच्या पत्रिकेवर जोतिबा, रेणुका, नाहीतर गावदेवी प्रसन्न. लिंगायत घरची पत्रिका बऱ्याचदा एका बाजूनं कन्नड, एका बाजूनं मराठी, वर बसवेश्वर आणि मठाच्या स्वामीजींचं नाव. मोठं घर असेल तर 'दिव्य सान्निध्य' अशी वेगळी ओळ. मुसलमान घरच्या पत्रिकेवर बिस्मिल्ला. कॅथलिक घरच्या पत्रिकेवर बायबलमधलं वचन. इतक्या वर्षांत पोपचं नाव असलेली एकही पत्रिका मी छापलेली नाही. पण विवाहस्थळाच्या ओळीत काय लिहायचं हे ज्याच्या लेखी कायद्यानं ठरतं, असा धर्मगुरू या सगळ्यांत मला तोच एक दिसतो.

कागदावरचा पोप

कॅथलिक मंडळीचं स्वतःचं कायद्याचं पुस्तक आहे. सध्या चालतं ते १९८३ सालचं. त्यातल्या ३३१व्या कलमात पोपच्या अधिकाराला सर्वोच्च, पूर्ण, थेट आणि सार्वत्रिक अशी विशेषणं लावली आहेत, आणि हा अधिकार तो केव्हाही मोकळेपणानं वापरू शकतो असं म्हटलं आहे. 'थेट' या शब्दाकडं नीट बघा. मधल्या बिशपला, म्हणजे त्या भागाच्या मुख्य धर्मगुरूला, न विचारताही पोप खानापूरच्या एखाद्या कॅथलिक माणसाबद्दल निर्णय देऊ शकतो. १४०४वं कलम एका ओळीचं आहे: पहिल्या पीठाचा न्याय कुणीही करत नाही. म्हणजे पोपच्या वर अपील नाही.

आपण सीमाभागातली माणसं. १९५६ साली राज्यं झाली, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, आणि आपण अजून निकालाची वाट बघतोय. शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलेलं नसलं म्हणजे काय होतं, ते बेळगावच्या माणसाला शिकवायला नको. कॅथलिक मंडळीत तो प्रश्न उरत नाही. जगभरात जवळपास १४० कोटी माणसं, म्हणजे साधारण आपल्या अख्ख्या देशाएवढी, आणि शेवटचा शब्द एकाचा. तो माणूस राज्यप्रमुखही आहे. १९२९ सालच्या करारानं व्हॅटिकन हे स्वतंत्र राज्य झालं. ते क्षेत्रफळानं आपल्या बेळगावच्या कॅम्पपेक्षाही, म्हणजे लष्करी छावणीच्या भागापेक्षाही, लहान आहे, पण तिथं बसलेल्याला कुठल्याच सरकारची परवानगी लागत नाही.

मुलीच्या वडिलांचा मोठा आक्षेप असा, की पोप कधी चुकत नाही असं कॅथलिक मानतात. हे अर्धंच खरं. १८७० सालच्या व्हॅटिकन परिषदेनं ठरवलं ते एवढंच, की श्रद्धा आणि नीती यांबाबत संपूर्ण मंडळीवर बंधनकारक अशी गंभीर, अधिकृत घोषणा पोप आपल्या पीठावरून करतो, तेव्हा ती अचूक मानायची. त्यानंतर अशी घोषणा एकदाच झाली, १ नोव्हेंबर १९५० रोजी, पवित्र मरीयेच्या स्वर्गारोहणाबद्दल. पोपची मुलाखत, विमानातलं बोलणं, राजकारणावरचं मत यांतलं काही त्यात बसत नाही. माझी बायको पोपच्या एखाद्या वक्तव्याशी असहमत असते तेव्हा ती स्वतःला कमी कॅथलिक समजत नाही.

पोपचेही हात बांधलेले असतात. १९९४ साली दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांना धर्मगुरूदीक्षा देण्याबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांचे शब्द 'मी देणार नाही' असे नव्हते. तसं करण्याचा अधिकारच मंडळीला नाही, असे होते. आणि जिथं अधिकार आहे तिथं लोक ऐकतातच असंही नाही. १९६८ साली सहाव्या पॉल यांनी संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना मनाई करणारं पत्र काढलं. ते अजूनही मंडळीची शिकवण आहे. माझ्या ओळखीच्या कॅथलिक घरांत मात्र एक-दोनच मुलं आहेत, आणि तरी त्यांना प्रसादापासून कुणी अडवलेलं मी बघितलेलं नाही.

मिस्सातली दोन नावं

२१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस वारले. पुढच्या रविवारी मी बायकोबरोबर मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, बसलो होतो. मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत दर वेळी दोन नावं येतात, आधी पोपचं, मग आपल्या बिशपांचं. त्या रविवारी फादर पहिल्या नावाशी थांबलेच नाहीत, थेट बिशपांच्या नावावर गेले. डोळे मिटून बसलेल्या बायकोनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. एकही शब्द चुकलेला नव्हता, गादी रिकामी असताना नाव घ्यायचं नाही असाच नियम आहे. पण तिला ती जागा जाणवली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खुर्ची रिकामी असावी, तशी.

८ मे रोजी रोममध्ये १३३ कार्डिनलांनी, म्हणजे पोपच्या खालच्या ज्येष्ठ धर्मगुरूंनी, चौथ्या फेरीत शिकागोत जन्मलेल्या रॉबर्ट प्रीव्होस्ट यांना निवडलं, ते चौदावे लिओ झाले. लगेच ११ तारखेच्या रविवारी बेळगावात ते नाव प्रार्थनेत आलं. मतदान करणाऱ्यांत चार भारतीय होते, त्यांतले आपल्याला सगळ्यात जवळचे म्हणजे गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव. साध्या कॅथलिक माणसाला, फादरला, इतकंच काय बहुतेक बिशपांनाही या निवडणुकीत मत नसतं. ऐंशी वर्षांखालचे कार्डिनल तेवढे मत देतात, आणि त्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या पोपनंच कार्डिनल केलेलं असतं.

आता त्या मुलीलाच सांगतो. तुझ्या दृष्टीनं मात्र त्या दोन नावांतलं दुसरं नाव जास्त महत्त्वाचं आहे, बाळा. बेळगाव हा १९५३ सालापासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. बिशपांची नेमणूक पोप करतात, पण फादर कुठल्या गावी जाणार, मिस्सा कुठल्या भाषेत किती वाजता, आणि मिश्र लग्नाला परवानगी द्यायची का, हे सगळं बिशपांच्या कचेरीत ठरतं. आमच्या लग्नाचा कागद रोमला गेला नव्हता. तो बेळगावातच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला.

आपल्याकडं मत असतं

बेळगावात प्रोटेस्टंट काम १८२० साली लंडन मिशननं सुरू केलं. १९०४ साली ते मेथडिस्टांकडं आलं, आणि १९८१ सालापासून भारतातली मेथडिस्ट मंडळी स्वतंत्र आहे. आपल्याकडंही बिशप असतात, आणि पाळकांची, म्हणजे आपल्या धर्मगुरूंची, बदली तेच करतात. पण आपले बिशप परिषदेत मतदानानं निवडले जातात, नियमांचं पुस्तक परिषदच बदलते, आणि परिषदेत पाळकांबरोबर मंडळीचे साधे प्रतिनिधीही बसतात. स्त्रियाही पाळक होतात. बेळगावच्या एखाद्या शिक्षकाचा, नर्सचा, कारकुनाचा हात तिथं वर होतो आणि मोजला जातो.

माझे वडील असे प्रतिनिधी होते. परिषदेहून आले की कागदांची चळत टेबलावर ठेवायचे आणि आईला प्रत्येक ठरावावर कुणी काय मत दिलं ते सांगायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. पण निवडणुकीच्या आधीची धावपळही मी पाहिलेली आहे. जवळच्या दोन घरांत बोलणं बंद झालेलं पाहिलंय, आणि हरलेल्या बाजूला निकाल मान्य करायला वर्षं लागलेली पाहिलीत. भारतातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचे कितीतरी वाद दिवाणी कोर्टात जाऊन पडतात. मत असलं की भांडणही आपलंच असतं. कॅथलिक शेजाऱ्याला फादर आवडले नाहीत तर तो कुरकुरतो आणि तीन-चार वर्षं बदलीची वाट बघतो. आपण सह्यांचा अर्ज करतो.

'तुमचा पोप म्हणजे आमचे शंकराचार्य का?'

लग्नानंतर हा प्रश्न तुला शेजारी विचारतीलच. मला हुक्केरीच्या एका गिऱ्हाइकानं विचारला होता, कारण संकेश्वर त्याच्या तालुक्यातलं.

संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांचा मान मोठा. एके काळी प्रायश्चित्त, जातीत परत घेणं, ग्रामण्य म्हणजे जातबहिष्कार, असल्या वादांत पीठाच्या आज्ञापत्राला वजन होतं. पण ते वजन मानणाऱ्यांपुरतं होतं, आणि शंकराचार्यही एकटे नाहीत, पीठं अनेक आहेत. एका पीठाचं म्हणणं दुसऱ्यावर बंधनकारक नाही. वेदोक्ताचा, म्हणजे मराठ्यांचे विधी वेदमंत्रांनी करायचे का याचा, वाद पेटल्यावर शाहू महाराजांनी १९२० साली सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू केलं, म्हणजे मराठ्यांसाठी वेगळं धर्मपीठच उभं केलं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं १५३४ साली पोपला बाजूला सारून स्वतःला मंडळीचा प्रमुख केलं, ते याच धाटणीचं पाऊल. कारणं मात्र अगदी निराळी. महाराजांना आपल्या माणसांचा मान हवा होता. हेन्रीला पहिलं लग्न रद्द करून हवं होतं आणि पोपनं नकार दिला.

हे मी तुझ्या वडिलांना मुद्दाम सांगणार आहे. त्या नकारातून इंग्लंडची मंडळी वेगळी झाली, जॉन वेस्ली त्याच मंडळीचा धर्मगुरू होता, आणि वेस्लीच्या चळवळीतून आपण मेथडिस्ट आलो. पोप लग्नाला परवानगी देतो की नाही, हा प्रश्न आपल्या घराण्यात पाचशे वर्षांचा आहे. त्या इंग्लंडच्या मंडळीचा प्रमुख आजही तिथला राजा असतो. कँटरबरीच्या आर्चबिशपना जगभरच्या अँग्लिकनांत मान आहे, पण दुसऱ्या देशातल्या बिशपला ते हुकूम देऊ शकत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या जागी सारा मलाली यांची निवड जाहीर झाली, पहिल्यांदाच एक स्त्री. रोममध्ये ही गोष्ट आजच्या कायद्यानं होऊच शकत नाही.

लिंगायत मठांचं निराळं. तिथं स्वामीजींचा शब्द गावाजवळ असतो. शाळा, दासोह म्हणजे अन्नदान, वसतिगृह, घरगुती भांडणाचा निवाडा, सगळं एका अंगणात. भाविकाचा गुरूशी जो जिव्हाळा मी पाहिलाय तो कुठल्याच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक मंडळीत, पाहिलेला नाही. पण सगळ्या लिंगायतांसाठी बोलणारी एक गादी नाही. २०१८ साली कर्नाटक सरकारनं वेगळ्या धर्माच्या मान्यतेची शिफारस केली, तेव्हा बसवण्णांना मानणारे बरेच विरक्त मठ एका बाजूला आणि वीरशैवांची पंचपीठं दुसऱ्या बाजूला उभी राहिली. कुणाचं खरं, हे ठरवून टाकील असा माणूसच नव्हता.

सुन्नी मुसलमानांत पोपसारखं कुणी नाही. मुफ्तीचा फतवा हा सल्ला असतो, आणि त्याला कायद्याचं बळ नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१४ साली स्पष्ट केलं. तिबेटी लोकांचे दलाई लामा, ज्यांची माणसं आपल्या शेजारच्या मुंडगोडला राहतात, त्यांनी २०११ साली राजकीय अधिकार स्वतःहून सोडला.

पोपच्या सगळ्यात जवळ जाणारा नमुना मला दाऊदी बोहरा या शिया मुसलमान समाजाच्या प्रमुखांचा, सय्यदनांचा, वाटतो. प्रत्येक बोहरी मोठं झाल्यावर त्यांच्याशी निष्ठेची शपथ घेतो, आणि लग्नासारख्या गोष्टींत त्यांची रजा लागते. तिथं आधीचे सय्यदना पुढच्याचं नाव सांगतात. असं नाव दिलं होतं की नाही यावरच वाद झाला आणि तो मुंबई हायकोर्टात दहा वर्षं चालला, २०२४ साली निकाल लागला. पोपला आपला वारस नेमता येत नाही, म्हणून तसला वाद तिथं उभा राहत नाही.

आता घरातल्या गोष्टी

पहिली म्हणजे स्थळ. कॅथलिक माणसाचं लग्न कॅथलिक धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर झालं तरच त्याची मंडळी ते लग्न मानते. तू मेथडिस्ट राहिलीस तर बिशपांची परवानगी लागते. आणि लग्न आपल्या मेथडिस्ट देवळात करायचं असेल तर त्या पद्धतीतून सूट मागावी लागते, ती वेगळी. सूट मिळू शकते, कारण मात्र द्यावं लागतं. मेथडिस्ट बाजूनं अशी अडचण नाही. सरकारला तर दोन्ही चालतात, १८७२ सालच्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली फादरही लग्न लावू शकतात आणि पाळकही. म्हणून जो अडसर आहे तो एकाच बाजूचा आहे, आणि तो ओलांडायला कागद लागतात. मुलाच्या स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, ताजा दाखला आधीच मागवा. माझ्या बायकोचा दाखला दुसऱ्या राज्यातल्या एका पॅरिशमधून यायला सहा आठवडे लागले. रजिस्टर कपाटात होतं, पण किल्ली असलेला माणूस रजेवर होता. आमच्या पत्रिकेतली स्थळाची ओळ मी लग्नाच्या बारा दिवस आधी रात्री बसून जुळवली.

दुसरी मुलं. इथंच घरं मोडतात, म्हणून सावकाश वाच. कॅथलिक बाजूच्या माणसाला वचन द्यावं लागतं, की मुलांचा स्नानसंस्कार आणि संगोपन कॅथलिक मंडळीत व्हावं म्हणून मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. तुला या वचनाची माहिती दिली जाते. सही त्याची असते. पूर्वी असं नव्हतं, दोघांकडूनही हमी घेत. १९७० साली सहाव्या पॉल यांनी ती पद्धत बदलली. पोपचा अधिकार घरात येतो तो असा. रोममध्ये एका माणसानं एक वाक्य बदललं, आणि चोवीस वर्षांनी बेळगावात माझ्यासमोर आलेल्या कागदावर माझ्या सहीची जागा नव्हती.

तो कागद मला अजून आठवतो. पॅरिशच्या कचेरीत फादरनी ड्रॉवरमधून काढला, टाइप केलेला, मध्ये रिकाम्या जागा. बायकोनं वाचला आणि सही करायच्या आधी मला विचारलं, "होईल ते सगळं, म्हणजे किती?" फादरनी तिला घाई केली नाही. ते म्हणाले, "ते तुम्ही दोघांनी घरी ठरवायचं, मी नाही." आम्ही घरी ठरवलं. आमची दोन्ही मुलं कॅथलिक आहेत, पण रविवारी संध्याकाळी माझ्याबरोबर आपल्या मंडळीत यायची आणि गायनात उभी राहायची. माझ्या वडिलांना त्याचं दुःख होतं, हेही सांगायला हवं. नातवाच्या स्नानसंस्काराला ते आले, मागच्या बाकावर बसले, आणि फोटोला थांबले नाहीत.

तिसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं; मिस्सातला प्रसाद तो हाच. आपल्याकडं टेबल खुलं असतं, माझी बायको आपल्या मंडळीत आली तर पाळक तिला अडवत नाहीत. पण तिला घेता येत नाही, तिच्या मंडळीचा नियम आड येतो. आणि तिच्या मिस्सात मला मिळत नाही. एकतीस वर्षं दर रविवारी तोच क्षण येतो. सगळी ओळ उठते, मी गुडघे एका बाजूला वळवून माणसांना वाट देतो, बायको पुढं जाते, आणि लाकडी बाकावर मी आणि एखादं लहान मूल राहतो. पहिली दहा वर्षं मला ते अपमानाचं वाटलं. नंतर मी त्या वेळात तिच्यासाठी प्रार्थना करायला लागलो. दुखणं आता कमी झालंय, गेलेलं नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये रोममधल्या लुथरन चर्चमध्ये कॅथलिक नवरा असलेल्या एका बाईनं पोप फ्रान्सिसना नेमका हाच प्रश्न विचारला. ज्या माणसाच्या वर अपील नाही, त्यानं उत्तर दिलं ते असं, की परवानगी देणं माझ्या अधिकारातलं नाही, प्रभूशी बोला आणि पुढं जा, याहून जास्त बोलायचं धाडस मी करत नाही. मी ते वाचलं त्या रात्री बायकोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढं जा म्हणजे कुठं?" याचं उत्तर तिच्या फादरकडंही नव्हतं आणि माझ्याकडंही नाही. पण मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी जो आदर वाटला तो आधी कधी वाटला नव्हता.

चौथी म्हणजे लग्न मोडलं तर. नको तो विचार, पण ठरवणाऱ्यानं करावा. कॅथलिक मंडळी घटस्फोट मानत नाही. लग्न मुळातच वैध नव्हतं असं धर्मप्रांताचं न्यायासन ठरवू शकतं, आणि २०१५ साली फ्रान्सिस यांनी ती प्रक्रिया बरीच सोपी केली, आधी दोन न्यायासनांचे निकाल जुळावे लागत, आता एक पुरतो. तो निकाल सरकार मात्र घटस्फोट म्हणून धरत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली आणि पुन्हा २०१७ साली हेच सांगितलं. घटस्फोट कोर्टातूनच घ्यावा लागतो. मेथडिस्टाला कोर्टाचा निकाल पुरतो, कॅथलिकाला पुन्हा चर्चमध्ये लग्न करायचं असेल तर दोन्ही कागद लागतात.

आणि भाषा

सीमाभागात हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९६३ सालापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये असायची. त्या वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकांच्या भाषेला वाट मोकळी केली. रोममध्ये ठरलं ते एवढंच, की लोकांच्या भाषेत व्हावं. कोणत्या लोकांच्या, हे इथंच ठरतं. मराठी, कोकणी, कन्नड, इंग्लिश, कुठली मिस्सा सकाळची आणि कुठली संध्याकाळची, यावरून माणसं किती दुखावतात ते मी दोन्हीकडं पाहिलंय. कॅथलिकांत त्यावर बिशपांचा निर्णय येतो आणि विषय निदान वरवर तरी मिटतो. आपल्याकडं समितीत हात वर होतात. आपले हात जास्त असले की ही पद्धत फार चांगली वाटते.

माझं मत

तू लग्नासाठी म्हणून कॅथलिक होऊ नकोस. त्याची गरजच नाही, परवानगी घेऊन तू आहेस तशी लग्न करू शकतेस, आणि हे मुलाकडच्यांना त्यांच्याच फादरकडून सांगून घे. पुढं कधी तुला मनापासून वाटलं तर वाट उघडी आहे. आपला बाप्तिस्मा ते खरा मानतात, पुन्हा देत नाहीत. श्रद्धेची कबुली आणि दृढीकरणाचा विधी एवढंच होतं.

स्थळाबद्दल मी मुलाच्या चर्चच्या बाजूनं आहे. तुझ्या वडिलांना हे आवडणार नाही, पण लग्न इकडं झालं आणि सूट घ्यायची राहिली तर ओझं त्या मुलावर पडतं, तुझ्यावर नाही. त्याच्या मंडळीच्या दृष्टीनं ते लग्नच होत नाही आणि तो प्रसादाला मुकतो. तुझं तसं काही अडत नाही, आपल्याकडं दोन्ही चालतात. ज्याचं अडतं त्याच्या बाजूनं झुकावं. आपल्या पाळकांना तिथं बोलावून प्रार्थना आणि आशीर्वाद द्यायला सांगता येतं, फादरना आधी विचारायचं.

मुलांबद्दल मात्र तू झुकायच्या आधी बोल. त्या मुलाला विचार, "होईल ते सगळं, म्हणजे किती?" सासूसासरे, फादर, पाळक, कुणीही शेजारी नसताना विचार, आणि उत्तर आलं की मगच कागदाकडं जा.

तुझ्या वडिलांना मी भेटतो. रोमच्या माणसाच्या हुकमाची त्यांना भीती आहे. एकतीस वर्षांत माझ्या दारावर तो हुकूम आला नाही, पण बाकावरची ती दोन मिनिटं दर रविवारी येतात, आणि हे मी त्यांच्यापासून लपवणार नाही.

पत्रिकेचं बाकीचं कंपोज झालंय. वचन तू म्हणालीस तेच टाकलंय, रूथच्या पुस्तकातलं. बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं की फोन कर, स्थळाची ओळ टाकून प्रूफ त्याच दिवशी दाखवतो. छपाईला चार दिवस धर.